पंधरा जूनचा चौक: युद्ध हरल्यावर लोक नेमके कशावर चिडतात? (अर्जेंटिना, 1982)

सांजवारा

ब्युनोस आयर्सला येऊन मला यंदा तीन वर्षं झाली. इथल्या खाण्यापिण्यावर आधी दोन धागे काढले होते. हा विषय वेगळा आहे आणि बरेच दिवस मनात घोळत होता.

परवाच्या गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लाझा दे मायो या चौकात मुद्दाम गेले. समोर राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, कासा रोसादा. चौकाच्या मधोमध पांढरा स्तंभ आणि त्याच्याभोवती फरशीवर गोलाकार रंगवलेले पांढरे रुमाल. लष्करी राजवटीनं उचलून नेलेल्या आपल्या मुलांचा पत्ता विचारायला 30 एप्रिल 1977 पासून आया इथे जमतात. घोळका करून उभं राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, चालत राहा. तेव्हापासून त्या चालताहेत. डोक्याला बांधलेला रुमाल म्हणजे सुरुवातीला चक्क बाळाचा कापडी लंगोट होता, घरात जपून ठेवलेला. आता त्यांतल्या मोजक्याच उरल्यात. परवा एक आजी व्हीलचेअरवर होत्या, मांडीवर मुलाचा फोटो. फोटोतला मुलगा विशीतला. त्यांच्या नातवापेक्षाही लहान दिसत होता.

माझ्या घरमालकीणबाई बरोबर होत्या. 1982 मध्ये त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. वाड्याच्या सज्जाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दोन एप्रिलला मी इथेच नाचत होते. पंधरा जूनला इथूनच पळाले, अश्रुधुरानं डोळे उघडत नव्हते."

या दोन तारखांमध्ये चौऱ्याहत्तर दिवस आहेत. ते कसे गेले ते थोडक्यात सांगते.

24 मार्च 1976 ला लष्करानं सत्ता घेतली होती. डिसेंबर 1981 मध्ये जनरल गाल्तिएरी राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा कारखाने बंद पडत होते आणि महागाई वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर गेली होती. 30 मार्च 1982 ला कामगार महासंघानं 'शांती, भाकरी आणि काम' अशी हाक देत मोर्चा काढला. तो याच चौकाकडे येत होता. लाठ्या, अश्रुधूर, शेकड्यांनी अटक. मेंदोसा शहरात गोळी लागलेले कामगार संघटनेचे एक पदाधिकारी पुढे मरण पावले.

आणि तिसऱ्या दिवशी, 2 एप्रिलला, सैन्य माल्विनास बेटांवर उतरलं. ब्रिटिश त्यांना फॉकलंड म्हणतात. 1833 पासून ती ब्रिटनच्या ताब्यात होती आणि इथल्या प्रत्येक मुलाला शाळेत 'माल्विनास आपली आहेत' हे पहिल्या धड्याबरोबर शिकवलं जायचं. चौक भरून गेला. 10 एप्रिलला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेग मध्यस्थीला आले त्या दिवशी गर्दी त्याहून मोठी. सज्जातून गाल्तिएरी म्हणाले, यायचं असेल तर येऊ देत, आम्ही लढाई देऊ.

मे महिन्यात सरकारी दूरचित्रवाणीवर चोवीस तासांचा निधी-कार्यक्रम झाला. लोकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं. मालकीणबाईंनी कानातली दिली. धर्मदीक्षेच्या दिवशी त्यांच्या आजीनं घातलेली, अगदी लहान, मोत्याची. मी किंमत विचारली तर म्हणाल्या, "किंमत काही नव्हती गं. दुसरी नव्हती, एवढंच."

2 मे रोजी अर्जेंटिनाची जनरल बेल्ग्रानो ही युद्धनौका बुडाली, 323 माणसं गेली. तरी मेच्या अखेरीस एका मोठ्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ सांगत होतं, 'आपण जिंकतोच आहोत'. रेडिओवर रोज नवा विजय. 13 जूनला स्पेनमध्ये फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना अर्जेंटिना बेल्जियमविरुद्ध 1-0 असा हरली, देश त्या दुःखात होता. दुसऱ्या दिवशी कळलं की बेटांवर आपल्या सैन्यानं शरणागती पत्करलीय.

15 जूनला लोकांना चौकात बोलावलं होतं, गाल्तिएरी सज्जातून बोलणार म्हणून. गर्दी जमली आणि तिनं सूर बदलला. 'पोरं मेली, साहेबांनी ती विकली' अशा घोषणा झाल्या. 'संपत आली, लष्करी हुकूमशाही' याही. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, बस पेटल्या. गाल्तिएरी सज्जात आलेच नाहीत. रात्री दूरचित्रवाणीवरून म्हणाले, लढाई संपली आहे. 'शरणागती' हा शब्द त्या भाषणात नाही. दोन दिवसांत त्यांना जावं लागलं.

माझा प्रश्न हा की लोक हरण्यावर चिडले की फसवले गेल्यावर? मला दुसरं वाटतं. मुळात हा राग 30 मार्चलाच रस्त्यावर आला होता. युद्धानं तो अडीच महिने झाकून ठेवला. तुम्हाला काय वाटतं?

मीनल_ब

वाचताना अंगावर काटा आला. आया आधीपासून तिथेच होत्या, मग युद्धाच्या काळात त्यांचं काय झालं? त्यांना देशद्रोही ठरवलं असणार.

सांजवारा

@मीनल, ठरवलंच. त्यांच्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी असुसेना व्हियाफ्लोर यांना तर डिसेंबर 1977 मध्येच पळवून नेऊन मारलं होतं. 2005 मध्ये त्यांचे अवशेष ओळखले गेले, रक्षा याच स्तंभापाशी पुरली आहे. युद्धाच्या काळातही आया गुरुवार चुकवत नव्हत्या. त्यांची तेव्हाची घोषणा अशी: 'माल्विनास अर्जेंटिनाची आहेत, नाहीसे झालेलेही अर्जेंटिनाचेच'. सगळा देश झेंडे फडकवत असताना मूठभर बायकांनी हे म्हणायला केवढी छाती लागली असेल.

तळेगावकर

धागा चांगला आहे, पण निष्कर्षाशी सहमत नाही आणि ते स्पष्टच सांगतो.

15 जूनच्या गर्दीत लोकशाहीसाठी आलेले होते, तसे लढाई थांबवली म्हणून खवळलेलेही भरपूर होते. 'साहेबांनी विकली' या घोषणेचा अर्थ नीट बघा. त्यात 'पोरांना का पाठवलंत' असं नाही. 'हार का मानलीत' असं आहे. हाच जमाव विजय मिळाला असता तर गाल्तिएरींना खांद्यावर घेऊन नाचला असता, आणि आयांचे रुमाल आणखी दहा वर्षं कुणी पाहिले नसते. आज आपण शेवट माहीत असताना मागे बघतो, म्हणून ती गर्दी आपल्याला शहाणी दिसते.

दुसरा मुद्दा कोर्टाचा. 1985 मध्ये लष्करशहांवर नागरी न्यायालयात खटला चालला. विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. गाल्तिएरी मात्र त्या खटल्यात निर्दोष सुटले! 1986 मध्ये त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली ती युद्ध चुकीचं चालवल्याबद्दल, तीही लष्करी न्यायालयात. म्हणजे माणसं नाहीशी केल्याबद्दल शिक्षा नाही, हरल्याबद्दल आहे. सांजवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या व्यवस्थेनंच देऊन ठेवलंय.

सांजवारा

@तळेगावकर, गाल्तिएरींच्या शिक्षेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो बोचला. काल मालकीणबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून, मोडकंतोडकं भाषांतर करत स्पॅनिशमध्ये सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते गृहस्थ बरोबर म्हणतात. माझ्या शेजारी एक माणूस ओरडत होता की लढा, अजून लढा. मीही त्याच्याबरोबर ओरडले. पुढच्या मिनिटाला हुकूमशाही संपवा म्हणूनही ओरडले. दोन्ही माझ्याच घशातून आलं."

म्हणून माझं म्हणणं थोडं बदलते. त्या संध्याकाळी राग एकच नव्हता. पण भीती मात्र त्या संध्याकाळी गेली. सहा वर्षं ज्या चौकात चार माणसांनी एकत्र उभं राहायची सोय नव्हती, तिथे सरकारनंच अडीच महिने लोकांना बोलावून उभं राहायची सवय लावली. पुढे 16 डिसेंबरला सगळ्या पक्षांचा मोर्चा निघाला तो याच चौकात, आणि तिथेही पोलिसांच्या गोळीनं एक कामगार गेला. 30 ऑक्टोबर 1983 ला निवडणूक झाली, आल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. जाता जाता लष्करानं स्वतःलाच माफी देणारा कायदा केला होता, नव्या संसदेनं तो त्याच डिसेंबरात रद्द केला. चौकशी आयोगानं 1984 मध्ये 8,961 बेपत्ता माणसांची नोंद केली. मानवाधिकार संघटना तीस हजार म्हणतात.

गाल्तिएरींच्या बाबतीत एक भर. 2002 मध्ये जुन्या अपहरणांच्या प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली होती. जानेवारी 2003 मध्ये ते नजरकैदेत असतानाच वारले.

नकाशावाला

इजिप्तचं उदाहरण इथे आलंच पाहिजे, कारण ते दोघांच्याही मुद्द्याला छेद देतं.

जून 1967, इस्रायलशी युद्ध. सहा दिवसांत सिनाई गेलं, विमानदल जमिनीवरच जळालं. 9 जूनला राष्ट्राध्यक्ष नासर यांनी दूरचित्रवाणीवर राजीनामा दिला. आणि कैरोचे लोक लाखोंनी रस्त्यावर उतरले, 'जाऊ नका' म्हणायला! काहींना ते सगळं घडवून आणलेलं वाटतं, पण एवढी माणसं नुसत्या हुकमावर येत नाहीत. राजीनामा मागे घेतला गेला.

मग आठ महिने. 20 फेब्रुवारी 1968 ला पराभवाबद्दल विमानदलाच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याचा निकाल लागला. प्रमुखाला पंधरा वर्षं, काही जण सुटले. दुसऱ्याच दिवशी हेल्वानच्या कारखान्यांतले कामगार बाहेर पडले, पाठोपाठ कैरो विद्यापीठातले विद्यार्थी. नासर यांच्या राज्यात इतकी मोठी निदर्शनं कित्येक वर्षांत झाली नव्हती. सरकारला फेरखटल्याचा आदेश द्यावा लागला.

पराभव पचवला, शिक्षा पचली नाही. माणसं आधी घर सावरतात, मग हिशेब मागतात. तुमच्या अर्जेंटिनात तो आठ महिन्यांचा काळ एका रात्रीत उरकला, कारण नासर यांच्यावर लोकांचं प्रेम होतं आणि गाल्तिएरींवर नव्हतं.

आणि सरकार पडतंच असंही नाही. 2020 मध्ये आर्मेनिया अझरबैजानविरुद्धचं काराबाखचं चव्वेचाळीस दिवसांचं युद्ध हरल्यावर, शस्त्रसंधीची बातमी आली त्याच रात्री राजधानी येरेवानमध्ये लोक संसदेत आणि सरकारी इमारतीत घुसले, संसदेच्या सभापतींना बेदम मारलं. महिनोनमहिने पंतप्रधान पशिन्यान यांच्या राजीनाम्यासाठी मोर्चे निघाले. जून 2021 च्या निवडणुकीत तेच पशिन्यान निम्म्याहून जास्त मतं घेऊन परत आले! लोकांसमोर दुसरा पर्याय होता तो आधीच्या राजवटीतल्या माणसांचा, आणि ती त्यांना नको होती.

जुना सातारकर

सांजवाराताई, तुमच्या मालकीणबाईंची कानातली वाचून थांबलो. माझं वय आता चौऱ्याहत्तर, तेव्हा थोडं आठवणीतलं लिहितो.

1962 च्या नोव्हेंबरात मी अकरा-बारा वर्षांचा. संध्याकाळी शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर रेडिओ लागायचा, आम्ही पोरं पायरीवर. सेला पडलं, बोमडिला पडलं ही नावं त्याच ओसरीवर पहिल्यांदा ऐकली. तिथले मोठे लोक एकमेकांकडे बघायचेच नाहीत. गावात संरक्षण निधीसाठी सभा झाली, त्यात आमच्या आजीनं हातातल्या पाटल्या काढून ताटात ठेवल्या. साबण लावून काढाव्या लागल्या, इतक्या घट्ट बसल्या होत्या. घरी आल्यावर मनगटावरचा पांढरा वळ दाखवून ती म्हणाली, "आता हात हलका झाला." दुसरं काही बोलली नाही.

आपल्याकडे तेव्हा लोक रस्त्यावर उतरून सरकार पाडायला निघाले नाहीत. राग मात्र होता, आणि तो कुठे गेला ते बघण्यासारखं आहे. काँग्रेसच्याच खासदारांनी नेहरूंना सोडलं नाही, म्हणून 7 नोव्हेंबरला कृष्ण मेनन यांना जावं लागलं. यशवंतरावांना मुंबईहून बोलावलं, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला असं तेव्हापासून म्हणतात. ते 21 तारखेला शपथ घेत होते आणि त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. पुढच्या वर्षी पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी असे तिघे तगडे विरोधक लोकसभेत पोचले. ऑगस्ट 1963 मध्ये कृपलानींनी अविश्वास ठराव आणला, स्वतंत्र भारतातला पहिलाच. ठरावाच्या बाजूनं 62 मतं, विरुद्ध 347. ठराव पडला, पण नेहरूंना सभागृहात बसून सगळं ऐकावं लागलं.

माझ्या मते फरक इथे आहे. मतपेटी जिथे जिवंत असते तिथे राग तिच्यात पडतो. जिथे नसते तिथे चौकातच यावं लागतं. 1971 ला पश्चिम पाकिस्तानात तेच झालं. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि लोक रस्त्यावर आले, लष्करातले तरुण अधिकारीही बिथरले. 20 तारखेला याह्या खान यांना भुट्टोंच्या हाती सत्ता द्यावी लागली. चार दिवस!

तळेगावकर

@जुना सातारकर, काका, आजींच्या पाटल्यांबद्दल वाचून काही बोलवत नाही.

मतपेटीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पण मतपेटी असूनही आपल्याकडे एक गोष्ट राहिलीच. 1962 ची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तो अहवाल आजही सरकारनं प्रसिद्ध केलेला नाही. 2014 मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला तेवढाच काय तो लोकांना दिसला. पाकिस्तानात 1971 च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल दडपला गेला, 2000 मध्ये त्याचा भाग छापला तो आपल्याकडच्या नियतकालिकानं. अर्जेंटिनातही असं काही आहे का?

सांजवारा

आहे. जनरल रातेनबाख यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं 1983 मध्ये अहवाल दिला. लष्करी माणसांनीच लिहिलेला, आणि वरिष्ठांवर इतका कडक की लष्करानं तो लपवला. त्याच वर्षी तो एका साप्ताहिकात फुटला, पण अधिकृतपणे खुला व्हायला 2012 उजाडलं. एकोणतीस वर्षं लागली, पण झाला. आपला साठ वर्षं उलटून गेल्यावरही बंद आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यात आता कुठल्या चौकीचं गुपित उरलं असेल?

मीनल_ब

आणि जे सैनिक परत आले त्यांचं काय? सगळी चर्चा चौकातल्या लोकांची चाललीय.

सांजवारा

मीनल, हे विचारलंस ते फार बरं केलंस, खरं तर धागा तिथूनच सुरू करायला हवा होता.

बरेचसे सैनिक सक्तीच्या भरतीतले, अठरा-एकोणीस वर्षांचे. काही पलटणी कोरिएंतेससारख्या उष्ण प्रांतातल्या. त्या मुलांनी बर्फ पाहिलेलं नव्हतं आणि ती ओल्या खंदकात दोन महिने होती. उपाशी मुलांनी अन्न चोरलं म्हणून काही अधिकाऱ्यांनी त्यांना हातपाय ताणून जमिनीला खुंट्यांनी बांधून ठेवलं. पुढे माजी सैनिकांनी याचे खटले केले. देशभरातून पाठवलेली चॉकलेटं, लोकरीचे मफलर त्यांच्यापर्यंत फारसं पोचलंच नाही. एका मुलानं सैनिकाला लिहिलेली चिठ्ठी दुकानात विकत घेतलेल्या चॉकलेटच्या वेष्टनात सापडली, ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे.

19 जूनला कॅनबेरा या ब्रिटिश जहाजानं चार हजारांहून अधिक सैनिक पुएर्तो माद्रिन या बंदरावर आणून सोडले. त्यांना झाकलेल्या ट्रकमधून गुपचूप नेण्याची व्यवस्था होती, लोकांनी पाहू नये म्हणून. पण गावाला कळलं. मुलं ट्रकमधून 'पाव द्या' म्हणून ओरडत होती आणि गावातल्या बायका घरातला होता नव्हता तो पाव घेऊन धावल्या. बेकऱ्या रिकाम्या झाल्या. माद्रिनमधला पाव संपला तो दिवस, असंच त्या दिवसाला म्हणतात. मला हेही निदर्शनच वाटतं. सरकारनं लपवलेली मुलं गावानं रस्त्यावर येऊन पाहिली.

युद्धात अर्जेंटिनाची 649 माणसं गेली, जवळजवळ निम्मी एकट्या बेल्ग्रानोवरची. सान मार्तिन चौकात काळ्या दगडावर सगळी नावं आहेत. समोर रस्त्यापलीकडे इंग्रजांनी भेट दिलेला घड्याळाचा मनोरा, युद्धानंतर त्याचं नाव बदललं. बेटांवर डार्विनच्या दफनभूमीत 237 थडगी आहेत. त्यांतल्या निम्म्यांवर फक्त 'अर्जेंटिनाचा सैनिक, देवाला ठाऊक' एवढंच लिहिलेलं होतं. 1983 मध्ये ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं, जेफ्री कार्डोझो यांनी, ती प्रेतं गोळा करून पुरली, त्यांनी प्रत्येकाची इतकी बारकाईनं नोंद ठेवली होती की 2017 मध्ये रेड क्रॉसला त्यावरून ओळख पटवता आली. शंभराहून जास्त मुलांना नाव मिळालं. पस्तीस वर्षांनी आयांना कुठल्या दगडापाशी उभं राहायचं ते कळलं.

नकाशावाला

हा शेवटचा प्रतिसाद वाचून माझी सगळी तुलना जरा मागे ठेवतो. पाव घेऊन धावलेल्या बायकांना कुठल्या रकान्यात घालू, सुचत नाही.

सांजवारा

@जुना सातारकर, काका, मालकीणबाईंना तुमच्या आजींची गोष्ट सांगितली. साबण लावून पाटल्या काढल्या हे सांगताना त्यांनी नकळत स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. त्यांच्याकडे कानातल्यांची काही पावती नाही, त्या निधीचं पुढे काय झालं याचा धड हिशेब कुणी दिला नाही. त्यांनी विचारलंय, तुमच्या आजींना काही कागद मिळाला होता का?

जुना सातारकर

मिळाला होता. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत देवाच्या पोथीत सापडला, घडीवर फाटलाय. 'पाटल्या, जोड एक' असं लिहिलंय आणि खाली तोळ्यात वजन. शाई फिकी झालीय पण वाचता येतं. नातू रविवारी येतो, त्याच्याकडून फोटो काढून इथे टाकतो. बाईंना दाखवा.